मणक्याच्या गादीच्या शस्त्रक्रियेत मऊ ऊती काढण्याची उपकरणे : कोणते कशासाठी वापरतात आणि रुग्णाच्या घरच्यांनी काय विचारावे?

टूलरूम_अंबड

नमस्कार. माझे थोरले बंधू निफाड तालुक्यात द्राक्षबाग सांभाळतात. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून डाव्या पायाकडे जाणारी नस दबली असल्याचे त्यांच्या एमआरआयमध्ये दिसले आहे. दोन महिन्यांहून अधिक काळ औषधे, विश्रांती आणि फिजिओथेरपी झाली, तरी पायातली कळ हटलेली नाही आणि आता डाव्या पायाचा अंगठा वर उचलताना ताकद कमी पडू लागली आहे. नाशिकमध्ये दोन ठिकाणी दाखवले. शस्त्रक्रिया करावी याबद्दल दोन्ही डॉक्टरांचे एकमत आहे, परंतु एक मायक्रोस्कोपखाली करणार म्हणतात आणि दुसरे दुर्बिणीतून. दुर्बिणीच्या अंदाजपत्रकात 'शेव्हर ब्लेड' आणि 'आरएफ प्रोब' अशा दोन रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत.

मी अंबडच्या एका टूलरूममध्ये डाय आणि पंच तयार करण्याचे काम करतो. पाते, धार, दोन पात्यांमधला क्लिअरन्स हा माझा रोजचा विषय असल्यामुळे साहजिकच मनात प्रश्न आला, की नसेपासून एक-दोन मिलिमीटरवर असलेला मऊ भाग नसेला धक्का न लावता नेमका कशाने कापतात आणि कसा बाहेर काढतात? हत्याराच्या निवडीमुळे रुग्णाच्या सुरक्षिततेत फरक पडतो का? आणि अंदाजपत्रकातले हे शेव्हर ब्लेड एकदाच वापरायचे असते की पुन्हा पुन्हा? ज्यांनी ही शस्त्रक्रिया जवळून पाहिली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाठकणा

मी मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो. आपल्या बंधूंची तपासणी मी केलेली नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोणती पद्धत योग्य हे येथे सांगणार नाही. उपकरणांविषयी मात्र मोकळेपणाने लिहितो, कारण हा प्रश्न रुग्णांकडून फारसा येत नाही आणि तो यायला हवा.

सर्वप्रथम एक तातडीची सूचना. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, गुदद्वाराच्या आणि जांघेच्या भागात बधिरपणा येणे, किंवा पायाची ताकद झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर पद्धतीची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावे. तो कॉडा इक्वायना सिंड्रोम, म्हणजे कण्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांच्या जुडग्यावर आलेला दाब, असू शकतो आणि त्यात तासांना महत्त्व असते.

आता मूळ विषय. गादीचे दोन भाग असतात : बाहेरचे चिवट तंतूंचे कडे आणि आतला जेलीसारखा गाभा. तरुणपणी गाभ्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि वयानुसार ते घटत जाते. कडे फाटून गाभ्याचा तुकडा मागे आला की तो नसेच्या मुळावर दाब आणतो. फाटलेल्या गादीचा आणि पायातल्या कळेचा हा संबंध बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये स्पष्टपणे मांडला, आणि आजची शस्त्रक्रिया त्याच विचारावर उभी आहे : आपण गादी 'दुरुस्त' करत नाही, नसेवरचा दाब काढतो. उपकरणांचा विचारही इथूनच सुरू करावा. जास्तीत जास्त ऊती काढणारे हत्यार आम्हाला नको असते. जेवढे काढायचे ठरवले तेवढेच काढील आणि कुठे थांबायचे हे हाताला कळू देईल, असे हत्यार हवे असते.

पाठीमागून आत जाताना स्नायू बाजूला केल्यावर दोन मणक्यांच्या पाठच्या कमानींमध्ये एक पिवळसर, लवचीक अस्थिबंध लागतो. त्याला लिगामेंटम फ्लेव्हम म्हणतात. तो आणि कमानीच्या हाडाची कड काढण्यासाठी केरिसन पंच वापरतात. टूलरूमच्या माणसाला हे उपकरण लगेच समजेल. लांब दांडा दोन भागांचा असतो. खालचा भाग स्थिर असून त्याच्या टोकाला आडवी, पातळ पावली असते. मूठ दाबली की वरचा भाग खाचेतून पुढे सरकतो आणि पावलीवर येऊन मिटतो. मध्ये जे सापडेल तेच कापले जाते. तोंडाची रुंदी साधारण १ ते ५ मिलिमीटर असते, आणि पावली ४० किंवा ९० अंशांच्या कोनात असते. पावलीची गुळगुळीत पाठ नसांवरच्या ड्यूरा या आवरणाकडे आणि कापणारी बाजू त्याच्यापासून दूर, अशी तिची रचना आहे. तरीही ड्यूरा फाटण्याच्या घटनांत याच उपकरणाचे नाव पुन्हा पुन्हा येते, कारण पावलीखाली आवरणाची घडी अडकू शकते, विशेषतः वृद्ध रुग्णांत आणि आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत, जिथे आवरण अस्थिबंधाला चिकटलेले असते. म्हणून पावली सरकवण्याआधी बोथट टोकाच्या डिसेक्टरने (ऊती अलगद सोडवण्याच्या उपकरणाने), बहुधा पेनफील्डच्या चौथ्या क्रमांकाच्या, खाली जागा मोकळी करून घेतात आणि मूठ पूर्ण मिटण्याआधी हाताला लागणारा विरोध जोखतात.

यानंतर नसेचे मूळ रिट्रॅक्टरने अलगद मध्याकडे सरकवले जाते. हे काम बहुधा सहायक करतो आणि माझ्या मते शस्त्रक्रियेतले सर्वांत कमी कौतुक झालेले काम हेच आहे. मूळ फार ओढले किंवा फार वेळ धरून ठेवले तर तुकडा उत्तम निघूनही पाय बधिर राहू शकतो. मग डिस्क फोर्सेप्स आत जाते. तिला थिएटरमध्ये 'पिट्युइटरी' म्हणतात, कारण तिची घडण पीयूष ग्रंथीच्या शस्त्रक्रियेतून आली. टोकाला दोन छोट्या वाट्या असतात, खालची स्थिर आणि वरची उघडणारी. काही सरळ असतात, काहींचे तोंड वर किंवा खाली वळलेले असते. रुंदी २ ते ४ मिलिमीटर. तुकडा सुटा पडलेला असेल तर तो वाटीत धरून हलके फिरवत, न ओढता, बाहेर आणतात. पुष्कळदा शहाळ्यातल्या चिवट मलईसारखा एक लांबट तुकडा निघतो, आणि त्याच क्षणी ताणलेली नस सैल पडलेली डोळ्यांना दिसते.

फोर्सेप्स गादीच्या आत घालताना मिटलेली घालायची, आत गेल्यावर उघडायची आणि खोलीवर सतत लक्ष ठेवायचे, हा नियम आहे. गादीच्या पुढच्या बाजूचे कडे ओलांडून टोक गेले तर समोर पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. चौथ्या-पाचव्या मणक्याच्या पातळीवर तर पायांकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्या आणि शिरा कड्याला अगदी लागून असतात. अशी इजा दुर्मीळ आहे, परंतु १९४५ पासून वैद्यकीय साहित्यात तिची नोंद आहे, आणि तिचा धोका असा की जखमेत रक्त दिसेलच असे नाही; ते पोटाच्या मागच्या पोकळीत साचत जाते आणि रक्तदाब कोसळल्यावरच संशय येतो. म्हणून उपकरणांवर खोलीच्या खुणा असतात आणि साधारण ३ सेंटिमीटरच्या पुढे आंधळेपणाने जाऊ नये असे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला बजावले जाते.

ओटीसिस्टर

पाठकणा सरांनी उत्तम लिहिले आहे. नाशिकच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बरीच वर्षे स्क्रब सिस्टर म्हणून काम केलेले असल्याने मी ट्रेच्या बाजूने भर घालते.

पंच किती वेळा वापरला यापेक्षा तो प्रत्येक वेळी पुसून दिला का, हे महत्त्वाचे असते. प्रत्येक चाव्यानंतर सर्जन पंच माझ्याकडे वळवतात, मी ओल्या गॉजने त्याच्या तोंडातला तुकडा टिपून घेते आणि मगच तो पुन्हा आत जातो. तुकडा तोंडातच राहिला तर पुढचा चावा अर्धवट बसतो. अर्धवट बसलेला पंच ओढला की कापण्याऐवजी ऊती फाटते, आणि सरांनी सांगितलेल्या ड्यूराच्या जखमांचे एक कारण तेही असते. बोथट पंच मला मूठ दाबल्यावर येणाऱ्या आवाजावरूनही कळतो. धारदार पंच हाड कापताना कट्ट असा स्वच्छ आवाज देतो. बोथट पंच कुरकुरतो आणि तुकड्याला तंतूंची शेपटी लोंबते. अशी शेपटी दिसू लागली की तो पंच धार लावण्यासाठी बाजूला काढण्याचा आग्रह सिस्टरने धरलाच पाहिजे, आणि सर्जनने त्याचा राग मानू नये.

दुसरी गोष्ट पॅटींची. नसेच्या भोवती रक्त टिपण्यासाठी आणि नसेला आच्छादन म्हणून कापसाच्या छोट्या चपट्या पट्ट्या ठेवतात. त्यांना दोरा असतो आणि एक्स-रेमध्ये दिसणारी खूणही असते. रक्ताने भिजल्यावर त्या आजूबाजूच्या ऊतींसारख्याच दिसतात, त्यामुळे दोरा जखमेबाहेर ठेवणे आणि टाके घालण्याआधी मोजणी पूर्ण करणे हे आमचे काम. सक्शनची नळीसुद्धा थेट नसेवर न लावता पॅटीवरूनच चालवतात.

टूलरूम_अंबड

सर, ताई, मनापासून आभार. पंचाचे वर्णन वाचताच चित्र डोळ्यांसमोर उभे राहिले. शेपटी म्हणजे आमच्या भाषेत बर, आणि क्लिअरन्स वाढला की ती येतेच. आता दोन गोष्टी विचारतो. या उपकरणांचे पोलाद कोणते असते? आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हीच हत्यारे चालतात की शेव्हर वगैरे अपरिहार्यच असते?

बायोमेडिकल_नाशिक

पोलादापुरते मी सांगतो. कापणारी उपकरणे बहुतेक ४२० वर्गाच्या मार्टेन्सिटिक स्टेनलेस स्टीलची असतात, कारण ते पाणी देऊन कठीण करता येते. रिट्रॅक्टरसारख्या न कापणाऱ्या उपकरणांना ३०४ वर्गाचे स्टील चालते. ते कमी गंजते, परंतु त्याची धार टिकत नाही. मायक्रोस्कोपखाली वापरायच्या उपकरणांचा पृष्ठभाग मंद किंवा काळ्या लेपाचा असतो, कारण चकाकणाऱ्या दांड्यावरून प्रकाश परावर्तित होऊन सर्जनच्या डोळ्यांवर येतो. दांड्याला मध्येच दिलेली संगिनीसारखी वळणेसुद्धा हात आणि मूठ दृष्टीच्या रेषेतून बाजूला राहावी म्हणूनच असतात. जर्मनीतील टुटलिंगेन हे गाव या व्यवसायासाठी जगभर ओळखले जाते. पाकिस्तानातील सियालकोटमध्येही मोठ्या प्रमाणावर अशी उपकरणे तयार होतात.

शेव्हर हे सांध्यांच्या दुर्बिणीतून इकडे आलेले उपकरण आहे. बाहेरची नळी स्थिर, तिच्या टोकाजवळ एका बाजूला खिडकी. आतली नळी मोटरने फिरते आणि तिच्या खिडकीलाही धार असते. सक्शनमुळे मऊ ऊती खिडकीत ओढली जाते, दोन धारांमध्ये कापली जाते आणि नळीतून बाहेर जाते. मऊ ऊतींसाठी पाते एकाच दिशेला न फिरवता उलटसुलट फिरवतात, म्हणजे तंतू गुंडाळले जात नाहीत. यातला धोका मात्र याच रचनेत आहे : सक्शन चांगले-वाईट ओळखत नाही, जे जवळ असेल ते ओढते. खिडकीचे तोंड नसेकडे वळलेले असता कामा नये, आणि टोक पडद्यावर दिसत नसेल तर पायडलवर पाय असता कामा नये.

पुनर्वापराविषयी स्पष्ट लिहितो. मोटरवर चालणाऱ्या शेव्हरची मूठ निर्जंतुक करून पुन्हा वापरतात, ते योग्यच आहे. ब्लेड मात्र बहुतेक कंपन्या एकदाच वापरण्यासाठी देतात. दोन नळ्यांच्या मधल्या बारीक फटीत ऊती आणि रक्त अडकून राहते. ते ब्रशने पूर्ण निघत नाही आणि जिथे घाण चिकटून राहते तिथे वाफेचे निर्जंतुकीकरण भरवशाचे राहत नाही. शिवाय धार गेलेले ब्लेड कापत नाही, ओढते. अंदाजपत्रकात ब्लेडची रक्कम असेल तर पाकिटावरचा लॉट क्रमांकाचा स्टिकर केसपेपरवर लावून मिळावा, अशी विनंती शस्त्रक्रियेच्या आधीच करा. नंतर भांडण्यापेक्षा आधी नम्रपणे विचारलेले बरे.

पाठकणा

दुर्बिणीचे दोन प्रकार वेगळे समजून घ्या, कारण उपकरणे त्यानुसार बदलतात. एका छिद्राच्या पद्धतीत ७-८ मिलिमीटरच्या नळीतूनच कॅमेरा आणि हत्यार दोन्ही जातात. त्यामुळे हत्यारासाठी साधारण ४ मिलिमीटरचीच वाट उरते आणि फोर्सेप्स, पंच सगळेच लांब आणि सडपातळ लागतात. बाजूने जाताना कांबिन यांनी वर्णन केलेल्या त्रिकोणातून गादीपर्यंत पोहोचतात. बाहेर पडणारी नस, खालच्या मणक्याची वरची कड आणि ड्यूराची बाजू यांच्यामधली ती जागा आहे. शेवटच्या गादीला कमरेचे हाड आडवे येत असल्यास मागून, कमानींच्या मधून जातात. दोन छिद्रांच्या पद्धतीत एकातून कॅमेरा आणि दुसऱ्यातून हत्यार, म्हणून नेहमीचा केरिसन आणि नेहमीची फोर्सेप्सही चालते. दोन्ही पद्धती सलाइनच्या सतत वाहत्या प्रवाहात होतात.

शेव्हर प्रामुख्याने हाडावरची चरबी आणि स्नायूंचे तंतू साफ करून जागा दिसण्यासाठी वापरतो. आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींच्या ऊर्जेवर चालणाऱ्या, प्रोबने रक्तस्राव थांबवता येतो आणि मऊ तंतू आक्रसवता येतात. तो उष्णतेवर चालतो, म्हणून सलाइनचा प्रवाह चालू असणे आणि नसेजवळ शक्ती कमी ठेवून क्षणभरच वापरणे आवश्यक असते. परंतु नसेखालून तुकडा काढण्याचे शेवटचे काम दुर्बिणीतही बहुधा हातातल्या फोर्सेप्सनेच होते, कारण तुकडा किती घट्ट आहे हे बोटांना कळते, मोटरला कळत नाही.

यंत्राने गाभा काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९८५ मध्ये ऑनिक यांनी न्यूक्लिओटोम आणला. सुईसारखी बारीक नळी, बाजूला खिडकी, आत पुढेमागे सरकणारे पाते आणि सक्शन अशी त्याची रचना होती. तो सुरक्षित होता, परंतु गादीच्या आतलाच गाभा काढी. नसेजवळ निसटलेल्या तुकड्यापर्यंत तो पोहोचत नसे. त्याआधी लायमन स्मिथ यांनी १९६४ मध्ये पपईतल्या कायमोपपेन या विकराचे इंजेक्शन गादीत देऊन गाभा विरघळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत तिला १९८२ मध्ये मान्यता मिळाली, पुढे तीव्र ॲलर्जी आणि मज्जारज्जूच्या इजेच्या घटना घडल्या आणि २००३ मध्ये औषधाची विक्री थांबली. मायक्रोस्कोपखालची पद्धत, जी १९७७ मध्ये यासारगिल आणि कास्पर यांनी स्वतंत्रपणे मांडली, ती मात्र टिकली, कारण तिने सर्जनला काय दिसते ते सुधारले. मी यातून घेतलेला अर्थ असा, की उपकरणाला डोळ्याची जोड नसेल तर त्याची शक्ती व्यर्थ जाते.

गोदाकाठ

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेत मणका सरकलेला असल्यामुळे स्क्रू बसवले आणि गादी पूर्ण काढली. आपल्या बंधूंचीही पूर्ण काढतात का? पूर्ण काढली तर पुन्हा त्रास होण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे वाटते.

पाठकणा

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या आईंची शस्त्रक्रिया मणके जोडण्याची होती. त्यात गादीच्या जागी केज (दोन मणक्यांत अंतर राखणारा छोटा पोकळ ठोकळा) आणि हाड बसवायचे असल्याने क्युरेट (चमच्यासारखे खरवडायचे उपकरण), खरवडणी आणि गादीच्या आत फिरवायचे शेव्हर वापरून गाभा आणि मणक्यावरची कूर्चा काढतात, मात्र खालचे हाड शाबूत ठेवतात. ते फुटले तर केज मणक्यात रुतते. नाव 'शेव्हर'च असले तरी हे हाताने फिरवायचे पाते असते. अंदाजपत्रक वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून सांगितले.

साध्या डिस्क शस्त्रक्रियेत पूर्ण गादी काढत नाहीत. सुटा तुकडा आणि आत जे मोकळे झाले आहे तेवढेच काढावे, की आतला गाभाही खरवडून घ्यावा, यावर जगभर वाद झाला आहे. कमी काढले तर तुकडा पुन्हा निसटण्याची शक्यता थोडी जास्त. खूप खरवडले तर गादीची उंची जाऊन कंबरदुखी रेंगाळण्याची शक्यता जास्त. माझा कल कमी काढण्याकडे आहे, आणि कड्याला पडलेली फट मोठी असेल तर मी रुग्णाला आधीच सांगतो की पुन्हा तुकडा येण्याचा धोका तुमच्या बाबतीत अधिक आहे.

आणखी एक गोष्ट न बोलता राहू नये. पायात फक्त कळ आहे, ताकद टिकून आहे, अशा पुष्कळ रुग्णांना शस्त्रक्रियेशिवायही आराम पडतो. २००७ मध्ये प्यूल (Peul) आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये केलेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. आपल्या बंधूंच्या अंगठ्याची ताकद कमी होत असल्यामुळे त्यांचे गणित वेगळे आहे आणि विलंब करू नये, हे दोन्ही डॉक्टरांचे मत मला रास्त वाटते.

टूलरूम_अंबड

आता माझ्या मनातले प्रश्न स्पष्ट झाले आहेत. पद्धत कोणती चांगली हे न विचारता, एमआरआयवर तुकडा नेमका कुठे आहे, तिथपर्यंत आपले हत्यार कोणत्या वाटेने पोहोचणार, आपण ही पद्धत नियमित करता का, आणि दुर्बिणीतून जमले नाही तर त्याच वेळी उघडून करण्याची तयारी आहे का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारणार आहे. ब्लेडच्या स्टिकरचेही सांगेन. एक शेवटची शंका : काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात का?

ओटीसिस्टर

दादा, नेहमीची गादी असेल तर प्रत्येक ठिकाणी पाठवतातच असे नाही. परंतु ताप, वजन घटणे, रात्रीची कळ किंवा एमआरआयवर काही वेगळे दिसत असेल तर पाठवतात, कारण आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही दिसतो. अशा वेळी नमुन्याचे दोन भाग करायचे. सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा भाग फॉर्मालिनमध्ये जातो, आणि क्षयरोगाच्या कल्चर (जंतू वाढवून पाहणे) व जीन एक्सपर्ट (जंतूंची जनुकीय तपासणी) यांसाठीचा भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये. सगळाच तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर होतच नाही. डॉक्टरांना शंका असेल तर दोन बाटल्या आधीच लेबल लावून तयार ठेवायला थिएटरमध्ये सांगावे.